चाकाच्या फेऱ्या आणि पेटीची किल्ली

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)

सभा म्हटली म्हणजे भटशाही, सावकारशाही, शिक्षण, हुंडा अशा मोठ्या विषयांवर बोलावें, अशी आपली रीत आहे. आज आम्ही बोलणार आहों तें एका लहानशा लोखंडी पेटीविषयीं. ही पेटी मुठींत मावते. तिला कांच असते आणि कांचेमागें आंकडे सरकत असतात. सुताच्या गिरणींत, कापडाच्या मागावर, विजेच्या जुन्या मीटरांत, ट्रॅक्टरच्या तोंडाशीं आपण ती पाहिलेली आहे. यंत्राचें चाक किती वेळां फिरलें, हें ती मोजते. कोणी तिला काउंटर म्हणतात, आपले लोक सरसकट मीटर म्हणतात. वस्तु क्षुल्लक दिसते. पण आपल्या घामाचा पैसा पुष्कळ ठिकाणीं हिच्या आंकड्यांवरून ठरतो. आणि ज्या वस्तूवरून आपला पैसा ठरतो ती आपणांस समजत नसेल, तर आपली मानगूट दुसऱ्याच्या हातांत आहे असें समजावें. म्हणून हा विषय.

मोजणें आपणांस नवें नाहीं. खळ्यावर रास मोजतांना पहिल्या मापाला 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणावयाचें आणि मग दोन, तीन असें पुढें जावयाचें, हें लहान पोरालाही ठाऊक आहे. पिंपळाला १०८ फेऱ्या घालणारी आमची माउली प्रत्येक फेरीस एक दाणा बाजूला टाकते. तिची एक फेरी चुकत नाहीं. माळेचे १०८ मणी ओढणारा आमचा म्हातारा मेरुमणी आला कीं बरोबर थांबतो. देवाच्या दारीं इतकी बिनचूक मोजदाद करणारे आपण, मालकाच्या दारीं मात्र 'तुम्ही सांगाल तें खरें' म्हणून हात जोडून उभे राहतों! पिंपळाच्या फेऱ्या मोजून पदरांत काय पडलें, तें ज्याचें त्यानें पाहावें. मागाच्या चाकाच्या फेऱ्या मोजल्या तर काय पडतें, तें आम्ही आज सांगणार आहों.

आपल्या वाडवडिलांचें नुकसान मोजतां येत नव्हतें म्हणून झालें नाहीं. पायली त्यांच्या हातांत होती. पण वही कुळकर्ण्याच्या घरीं आणि खत सावकाराच्या पेटींत होतें. मोजणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशी ती व्यवस्था होती. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. तो राग खरा होता. परंतु तें खत आपणांस वाचतां आलें असतें, तर पहिल्याच दिवशीं त्यावर अंगठा उठला नसता. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच्या नांवांतच सर्व कांहीं आलें आहे. दुसऱ्यानें सांगितलें म्हणून खरें मानावयाचें नाहीं. स्वतः पडताळा घ्यावयाचा. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि १९१८ सालीं कुळकर्णी वतनें बंद केलीं. या दोन्ही कामांचा अर्थ एकच होता. लेखणी एका जातीच्या मुठींतून सोडवून ती सर्वांच्या हातीं द्यावयाची. आजचा आमचा विषय त्याच कामाचा पुढचा भाग आहे. कारण लेखणीचें पुष्कळसें काम आतां यंत्र करूं लागलें आहे.

आतां ही पेटी उघडून पाहूं. आंत एका दांड्यावर लहान लहान चाकें ओळीनें बसविलेलीं असतात आणि प्रत्येकाच्या कडेवर ० पासून ९ पर्यंत आंकडे असतात. यंत्राचें चाक एकदां फिरलें कीं एक दांडी उजवीकडच्या पहिल्या चाकाला एक घर पुढें ढकलते. चाक उलटें सरकूं नये म्हणून दांत्यांत अडकणारी खिटी असते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्यें ज्यांना कारागीर कुत्ते म्हणतात, तीच ही युक्ति. पहिलें चाक ९ वरून ० वर आलें कीं त्याच्या कडेचा एक दांता शेजारच्या चाकाला एक घर पुढें सरकवितो. शाळेंत बेरीज करतांना आपण 'हातचा एक' म्हणतों ना? तोच हा हातचा. आपण तो मनांत धरतों, पेटी तो लोखंडांत धरते. दुसरें चाक दहाचें, तिसरें शंभराचें, चौथें हजाराचें. पांच चाकें असलीं तर पेटी ९९,९९९ पर्यंत मोजते आणि पुढच्या फेरीस पुनः ००००० दाखविते.

एवढीच ती विद्या. इच्यांत मंत्र नाहीं, तंत्र नाहीं आणि कोणा एका कुळाची मिरासही नाहीं. जो बेरीज-वजाबाकी शिकला त्याला ती कळलीच पाहिजे.

ही कल्पना जुनी आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत व्हिट्रुव्हिअस नांवाचा रोमन कारागीर होऊन गेला. त्यानें आपल्या ग्रंथांत गाडीचें अंतर मोजणाऱ्या यंत्राचें वर्णन केलें आहे. चार फूट व्यासाचें चाक एका फेरींत साडेबारा फूट जातें, असा त्याचा हिशेब. असें चाक ४०० वेळां फिरलें म्हणजे ५,००० फूट, अर्थात् एक रोमन मैल होतो. आणि मैल पुरा झाला कीं एक खडा डब्यांत पडतो. मुक्कामाला पोंचल्यावर खडे मोजावयाचे. १६४२ सालीं फ्रान्सांत पास्काल नांवाच्या तरुणानें हातचा आपोआप पुढें नेणारें बेरजेचें यंत्र तयार केलें, कारण त्याचे वडील करवसुलीच्या कामावर होते आणि रोजच्या बेरजांनीं गांजले होते. अमेरिकेंत व्हीडर नांवाच्या गृहस्थानें १८९५ च्या सुमारास सायकलच्या चाकाला लावण्याजोगी फेऱ्या मोजणारी चिमुकली पेटी बाजारांत आणली, आणि पुढें त्याच जातीच्या पेट्या जगभरच्या कारखान्यांतील यंत्रांवर बसल्या.

परंतु या मोजणीला खरी किंमत आली ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांत. ती हकीकत आपण नीट ऐकावी, कारण तींत आपल्या कामाचा धडा आहे.

कॉर्नवॉलमध्यें तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. खोल गेलें कीं पाणी लागे. तें उपसण्यासाठीं न्यूकमेन नांवाच्या लोहव्यापाऱ्याच्या पद्धतीचीं वाफेचीं यंत्रें होतीं. हें यंत्र १७१२ सालापासून चालू झालें होतें, पण कोळसा भस्म्या रोग झाल्यासारखें खाई. कॉर्नवॉलमध्यें कोळसा नाहीं. तो वेल्सहून गलबतांनीं आणावा लागे. जेम्स वॅट या कारागिरानें यंत्रांत सुधारणा करून कोळसा पुष्कळ वांचविला. त्यानें १७६९ सालीं हक्कपत्र घेतलें, १७७५ सालीं बोल्टन नांवाच्या कारखानदाराशीं भागी केली, आणि त्याच सालीं पार्लमेंटनें त्या हक्काची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली. त्यांचा खाणवाल्यांशीं करार असा कीं, जुन्या यंत्राच्या मानानें जितका कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा एकतृतीयांश हिस्सा आम्हांला द्यावा.

आतां किती वांचला, हें ठरवावयाचें कोणीं? यंत्राच्या एका झोक्यास जुनें यंत्र किती कोळसा खातें आणि नवें किती, याची परीक्षा घेतां येत होती. मग महिन्यांत झोके किती झाले तेवढें समजलें कीं काम झालें. पण खाणवाला म्हणणार यंत्र थोडें चाललें. वॅटचा माणूस म्हणणार पुष्कळ चाललें. तेव्हां वॅटनें यंत्राच्या मोठ्या तुळईवर मोजणीची पेटी बसविली. तुळई एकदां हालली कीं आंकडा एकानें पुढें. आणि त्या पेटीला कुलुपें घातलीं, त्यांच्या किल्ल्या दोन. एक किल्ली खाणवाल्याकडे, दुसरी वॅटच्या माणसाकडे. ठरलेल्या दिवशीं दोघांनीं मिळून पेटी उघडावयाची आणि दोघांच्या डोळ्यांदेखत आंकडा उतरून घ्यावयाचा.

बंधूंनो, या दोन किल्ल्यांपाशीं आपण थोडें थांबूं. दोन्ही पक्ष शिकलेले, दोन्ही पैसेवाले, दोन्ही एकाच देशाचे. तरी कोणी कोणाच्या शब्दावर विसंबला नाहीं, आणि त्यांत कोणाचा अपमानही झाला नाहीं. आपल्याकडे गड्यानें धन्याला विचारावें, 'धनी, माझ्या नांवावर किती मांडलें तें दाखवा,' कीं धन्याच्या कपाळाला आंठ्या पडतात. 'एवढा अविश्वास?' म्हणून त्यालाच दरडावतात. आम्ही म्हणतों, ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याला दुसऱ्या किल्लीचें भय कशाला? दुसरी किल्ली मागणें हा उद्धटपणा नव्हे. तो व्यवहार आहे. वॅटसारख्या बुद्धिमान माणसाला जो व्यवहार करावासा वाटला, तो आपण शेतकऱ्या-कारागिरांनीं केला तर कोणाचें काय बिघडतें?

मात्र येथें एक गोष्ट विसरूं नये. पेटी खरी होती, किल्ल्या दोन होत्या, तरी भांडण मिटलें नाहीं. एकतृतीयांश हिस्सा फार होतो, असें खाणवाल्यांना वाटूं लागलें. पैसे अडकले, दुसऱ्या कारागिरांनीं आपलीं यंत्रें पुढें आणलीं, आणि १७९० नंतरचीं कित्येक वर्षें कोर्टांत गेलीं. यावरून काय दिसतें? माप खरें असलें म्हणजे वांटणी न्यायाची झाली असें नाहीं. किती झालें, हें पेटी सांगेल. कोणाला किती मिळावें, हें माणसांनींच भांडून, बोलून, संघटना करून ठरवावें लागतें. परंतु किती झालें हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें भांडावें तरी कशावर?

पुढची हकीकत याहूनही गोड आहे. वॅटचा हक्क १८०० सालीं संपला. १८११ पासून जोएल लीन नांवाच्या गृहस्थानें कॉर्नवॉलच्या यंत्रांचें मासिक पत्रक छापण्यास आरंभ केला. कोणत्या खाणीवरचें यंत्र, झोके किती, कोळसा किती, आणि एक बुशेल कोळशांत किती पौंड पाणी एक फूट उंच चढलें, हें त्यांत नांवानिशीं छापलें जाई. झोक्यांचा आंकडा अर्थात् पेटीवरून घेतलेला. पहिल्या वर्षीं ही सरासरी दोन कोटी पौंडांच्या आंत होती. १८३५ सालीं फोवी कॉन्सोल्स या खाणीवरच्या यंत्रानें परीक्षेंत साडेबारा कोटींचा आंकडा गांठला. हें कसें झालें? कोणा एका मोठ्या पुरुषाच्या अवतारानें झालें नाहीं. एकाचें काम दुसऱ्याला दिसलें, शेजाऱ्याचें यंत्र आपल्यापेक्षां चांगलें कां चालतें हें प्रत्येक कारागिरानें पाहिलें, आणि सर्वांचीच विद्या वाढली. झांकलेली विद्या एका घराला पोसते, उघडी विद्या सबंध मुलुखाला पोसते. ज्यांनीं आपल्या देशांत शेंकडों वर्षें विद्या सोंवळ्यांत ठेवली, त्यांनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आतां सुताच्या गिरणीकडे वळूं. सुताच्या ८४० वारांच्या लांबीला हँक म्हणतात, आणि एका पौंडांत जितके हँक बसतात तितक्या नंबराचें तें सूत. ज्या खात्यांत मजुरी हँकवर असते, तेथें साच्याच्या पुढच्या रुळाला मोजणीची पेटी जोडलेली असते. रूळ जितका फिरेल तितकें सूत बाहेर येईल, हें त्यांतलें तत्त्व. हिशेब सोपा आहे. रुळाचा व्यास एक इंच असेल तर त्याचा घेर सुमारें ३.१४ इंच. ८४० वार म्हणजे ३०,२४० इंच. म्हणजे रूळ सुमारें ९,६२६ वेळां फिरला कीं एक हँक. मधल्या चाकांचे दांते असे ठेवतात कीं तितक्या फेऱ्यांनीं आंकडा एकानें वाढावा.

आतां खोड कोठें आहे तें पाहा. समजा, पेटी एक इंची रुळाच्या हिशेबानें बसविलेली आहे आणि रूळ मात्र सव्वा नव्हे, नुसता एक इंच आणि वर इंचाचा आठवा भाग, एवढाच जाड आहे. डोळ्यांना फरक दिसणारही नाहीं. पण ९,६२६ फेऱ्यांत आतां ८४० नव्हे, ९४५ वार सूत निघेल. पेटी म्हणेल एक हँक. कामगाराचें १०५ वार सूत दर हँकमागें फुकट गेलें! पेटी खोटें बोलली का? नाहीं. तिनें फेऱ्या बरोबर मोजल्या. खोटेपणा पेटींत नव्हता; तो फेरीचा अर्थ लावणाऱ्या चाकांत होता. म्हणून आंकडा पाहणें ही अर्धी विद्या. त्या एका आंकड्यांत काय काय बसविलें आहे, हें विचारणें ही पुरी विद्या.

इंग्लंडांतील कापड-कामगारांच्या संघटनांनीं हीच गोष्ट ओळखली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यांत अशी तरतूद आली कीं, कापडाच्या कारखान्यांत नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला मजुरीचा दर आणि कामाचा तपशील लेखी मिळाला पाहिजे, म्हणजे त्याला आपली मजुरी आपण मोजतां यावी. हीच दुसरी किल्ली. वॅटला ती करारानें मिळाली. कामगारांना ती संघटनेनें मिळवावी लागली.

आणि आपल्याकडे? नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव या सभेंत नवें नाहीं. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यांत काढलेलें 'दीनबंधु' पत्र लोखंडे यांनीं १८८० पासून मुंबईंत चालविलें. ते स्वतः गिरणींत स्टोअरकीपर होते. गिरणीचा हिशेब त्यांनीं आंतून पाहिला होता. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज केला. त्यांतील मागण्या पाहा. आठवड्यांत एक दिवस सुटी. दुपारीं अर्धा तास विसांवा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत. कामांत इजा झाली तर भरपाई. यांतील पहिल्या चार मागण्या मोजणीच्या आहेत! दिवस किती, तास किती, तारीख कोणती. तोंवर उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. घड्याळ तरी काय आहे? चाकांच्या फेऱ्या मोजणारी पेटीच ती. लोखंडे यांनीं त्या पेटीची दुसरी किल्ली मागितली. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. आज आपलीं पोरें रविवारीं घरीं खेळतात, तें कोणाच्या शापानें कीं आशीर्वादानें नव्हे. मागणीच्या कागदावर आंकडा घालून सह्या केल्या त्यामुळें.

याच मुंबईची दुसरी गोष्ट कडू आहे, पण ती सांगितल्याशिवाय आम्हांला पुढें जातां येत नाहीं. फेऱ्या मोजणारी पेटी जात पाहत नाहीं. मागावर मराठा उभा आहे कीं महार, कोष्टी आहे कीं मोमीन, हें चाकाला ठाऊक नसतें. परंतु मागापर्यंत पोंचूं कोणाला दिलें? धोट्यांतील धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, तेवढ्या विटाळाच्या सबबीवर मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य बांधवांना विणकामाच्या खात्यांत येऊं देत नसत, आणि त्या खात्याची मिळकत इतर खात्यांहून चांगली होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढें उघड मांडला. त्यांना अडविणारे गिरणीमालक तर होतेच, पण त्यांच्या बरोबरीनें काम करणारे आपलेच स्पृश्य भाऊही होते. मालकाच्या पेटीची किल्ली मागणाऱ्यानें आपल्या शेजाऱ्याला दाराबाहेर उभें करूं नये. नाहीं तर त्याच्या मागण्यांना धार राहत नाहीं.

आतां आपल्या मागांचा हिशेब करूं. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी, सोलापूर येथें आपलीं हजारों घरें मागावर जगतात. धोटा एकदां या टोकाहून त्या टोकाला गेला कीं एक आडवा धागा पडतो. त्याला पीक म्हणतात. साध्या मागाचा मुख्य दांडा एकदां फिरला कीं एक पीक. समजा, कापडाला इंचांत ५२ पीक आहेत. एका मीटरचे ३९.३७ इंच, म्हणजे मीटरला सुमारें २,०४७ पीक. माग मिनिटाला १५० पीक घालत असेल तर तासाला ९,००० आणि आठ तासांत ७२,०००. क्षणभरही न थांबतां चालला तर ३५ मीटर कापड. पण पेटींत पाळीच्या शेवटीं ५४,००० च दिसले, तर कापड २६ मीटरच्या आसपास आणि माग दोन तास उभा होता, हें सिद्ध झालें.

हे दोन तास कोठें गेले? पेटी नसेल तर धनी एका शब्दांत निकाल देतो: 'गडी आळशी.' पण शेजारीं वही असेल आणि तींत लिहिलेलें असेल कीं, सूत कच्चें म्हणून अर्धा तास, कांड्या आल्या नाहींत म्हणून वीस मिनिटें, वीज गेली म्हणून पाऊण तास, जॉबर आला नाहीं म्हणून पंचवीस मिनिटें, तर एकशेंवीस मिनिटांचा जाब दुसऱ्यालाच द्यावा लागेल. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं खराब झालेलें कापड विणकराच्याच गळ्यांत मारून त्याची किंमत पगारांतून कापीत. सूत वाईट आणि दंड विणकराला! अशा ठिकाणीं पेटी आणि वही हे गरिबाचे दोन साक्षीदार होत. आतां नव्या मागांवर ही मोजणी विजेच्या यंत्रानें होते आणि आंकडे पडद्यावर दिसतात; पण हिशेबाचा नियम तोच आहे.

परंतु आम्ही तुम्हांला एकच बाजू सांगणार नाहीं. हीच पेटी एकट्या मालकाच्या हातांत राहिली तर ती चाबूक होते. काल ५४,००० झाले, आज ५६,००० कर. आज दोन माग पाहिलेस, उद्यां चार पाहा. पेटी फेऱ्या मोजते. कापसाची धूळ फुप्फुसांत किती गेली तें मोजत नाहीं. कांड्या भरणारी आमची भगिनी घरीं येऊन पुनः चुलीपुढें किती वेळ बसली, तें मोजत नाहीं. ज्या गोष्टींना पेटी नाहीं, त्या हिशेबांत धरावयाच्याच नाहींत, हा मालकांचा जुना डाव आहे. म्हणून पेटीला मान द्यावा, पण तिला देव मानूं नये. एका देवाच्या पायांतून सुटून दुसऱ्या देवाच्या पायांवर पडणें, हें सत्यशोधकाचें काम नव्हे.

आतां घरच्या आणि शेतावरच्या दोन पेट्या.

विजेच्या जुन्या मीटरांत एक पत्र्याची चकती फिरत असे आणि तिच्यावर एक खूण असे. मीटरवर लिहिलेलें असे कीं चकतीच्या इतक्या फेऱ्या म्हणजे एक युनिट. समजा ६०० लिहिलें आहे. घरांतलें सर्व बंद करून शंभर वॅटचा एकच दिवा लावला, तर दहा तासांत एक युनिट जळतें. दहा तास म्हणजे ६०० मिनिटें. म्हणजे चकती बरोबर मिनिटाला एक फेरी घेईल. नव्या मीटरांत चकती गेली आणि तांबडा दिवा लुकलुकूं लागला. पण युनिटाला किती लुकलुक, तें तेथेंही लिहिलेलें असतें. ३,२०० लिहिलें असेल तर त्याच दिव्यावर सुमारें सव्वाअकरा सेकंदांनीं एकदां लुकलुकेल. पोराला सोबत घ्या, घड्याळ लावा आणि पाहा. सर्व दिवे बंद असतांना लुकलुकत असेल तर कोठें तरी वीज गळते आहे. आणि हिशेब फारच चुकत असेल तर मीटर तपासून द्या, असा अर्ज करण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

दुसरी पेटी ट्रॅक्टरची. जुन्या ट्रॅक्टरांवर तास दाखविणारी पेटी घड्याळावर चालत नाहीं. ती इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते. तासाचा आंकडा ठराविक वेगालाच खरा असतो. समजा तो वेग मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा आहे. म्हणजे ९०,००० फेऱ्या झाल्या कीं पेटी म्हणते, एक तास. इंजिन १,००० वर चाललें तर घड्याळाच्या एका तासाला पेटी ४० मिनिटेंच दाखवील. २,००० वर चाललें तर एक तास वीस मिनिटें दाखवील. आतां भाड्यानें नांगरट करून घेतांना भाडें घड्याळाच्या तासावर कीं पेटीच्या तासावर, हें आधींच बोलून घेतलें नाहीं, तर बांधावर भांडण ठरलेलें. ट्रॅक्टरवाला लबाड असेलच असें नाहीं. तोही पेटीकडेच बोट दाखवितो. दोघांनाही पेटी कळली नाहीं, म्हणून दोन भाऊ भांडतात. नव्या ट्रॅक्टरांवर बहुधा विजेवर चालणारें तासाचें घड्याळ असतें, तें वेळ मोजतें. आपल्या ट्रॅक्टरवर कोणतें आहे, तें विचारून घ्यावें.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें: कामाच्या आरंभीं पेटीचा आंकडा लिहा, शेवटीं लिहा आणि वजाबाकी करा. पेटी ९९,९९९ ओलांडून पुनः शून्यावर आली असेल तर शेवटच्या आंकड्यांत एक लाख मिळवून मग वजाबाकी करा.

दुसरें: एका आंकड्याचा अर्थ काय, एका फेरीला किती वार, किती पीक, किती युनिट, हें लेखी मागा. मजुरीच्या चिठ्ठीवर दर आणि कामाचा आंकडा दोन्ही असले पाहिजेत.

तिसरें: काम कां थांबलें, त्याची नोंद त्याच वेळीं करा. आठ दिवसांनीं आठवून लिहिलेल्या नोंदीला किंमत नाहीं.

चौथें: एकट्यानें मागूं नका. एकाच खात्यांतल्या दहा जणांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले कीं दोष गड्याचा कीं सुताचा, तें आंधळ्यालाही दिसतें. कॉर्नवॉलच्या पत्रकानें यंत्रें सुधारलीं, तशीं आपलीं पत्रकें आपली मजुरी सुधारतील.

पांचवें: पेट्रोलचा पंप, रिक्षाचें मीटर, धान्याचा कांटा यांच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. शिक्का पाहण्याची लाज धरूं नका. तुटलेलें सील दिसलें तर तक्रार करा.

सहावें: घरांतल्या मुलीला हिशेब शिकवा. मुलगा शहरांत गेला तर वही बंद पडते, असें आपल्या घरांत होतें. जी माउली पिंपळाच्या १०८ फेऱ्या चुकत नाहीं, तिच्या हातीं वही दिली तर धन्याचा एक पैसा इकडे तिकडे होणार नाहीं.

बंधुभगिनींनो, यंत्र आपला वैरी नाहीं आणि सोयराही नाहीं. तें फिरतें आणि पेटी मोजते. त्या मोजणीचा फायदा कोणाच्या घरीं जावा, हें किल्ली कोणाकडे आहे त्यावर ठरतें. आपले आजे अंगठा उठवून आले, आपले वडील सही करून आले. आतां आपण सहीच्या आधीं आंकडा ताडून पाहावा, आणि पेटी उघडतांना आपलाही एक माणूस शेजारीं उभा असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

सत्याचा जय असो.